वासराच्या वाट्याचा चीक

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटेल. इतिहासाच्या मास्तराने किल्ल्यांवर बोलावे, तहांवर बोलावे, फार तर एखाद्या ताम्रपटावर बोलावे. वासराच्या हगवणीशी त्याचा काय संबंध? माझ्या एका सहकाऱ्यानेही मला हेच विचारले. पण ज्या दुखण्याने घरोघरचे गोठे रिकामे केले आणि ज्याच्यावरची लस शोधायला विद्वानांना जवळजवळ शंभर वर्षे लागली, त्याला इतिहास नाही असे कसे म्हणावे? इतिहास आहे, आपण तो शाळेत शिकवत नाही, एवढेच.

प्रथम माझे गाव सांगतो. उरणजवळ द्रोणागिरीचा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी मी वाढलो. लक्ष्मण मूर्च्छित पडला तेव्हा मारुतीराय औषधीसाठी अख्खा द्रोणागिरी उचलून निघाले आणि वाटेत त्याचा एक तुकडा इथे पडला, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगत. वर पोर्तुगिजांच्या वेळच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. हवा स्वच्छ असली की खाडीपलीकडे मुंबई दिसते. खाली तेव्हा खाजणातली भातशेती होती, मिठागरे होती आणि बहुतेक घरांच्या मागे एक-दोन गुरे होती. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे जमिनी गेल्या, १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि गोठे एकेक करून ओस पडले. २०२४ च्या जानेवारीत लोकल उरणपर्यंत आली आणि द्रोणागिरी हे एका स्टेशनाचेही नाव झाले.

मी सात-आठ वर्षांचा असेन. आमची चांदी नावाची गाय रात्री व्याली. वार पडायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. वार पडेपर्यंत वासराला कासेला लावायचे नाही, हा आजीचा नियम; तिच्या एकटीचा नव्हे, साऱ्या आळीचा. चीक जड असतो, वासराला बाधतो, असे म्हणत. तोवर चीक चरवीत काढून झाला होता. आजीने गूळ आणि वेलदोडा घालून खरवस केला, वाटीवाटीने शेजारी पाठवला. तिसऱ्या दिवशी वासराला पांढरी, पातळ हगवण लागली. डाळिंबाची साल उगाळून दिली. चौथ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले, कान गार पडले आणि दिवेलागणीला ते गेले. वडील म्हणाले, दृष्ट लागली. मी त्या खरवसाच्या तीन वाट्या खाल्ल्या होत्या. ह्या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आले नाही. मला तो कळायला पुढे वीस-पंचवीस वर्षे लागली, आणि तोही एका पशुवैद्य मित्राच्या बोलण्यातून, सहज.

आता मागे जाऊ. गंमत अशी की लसीची सगळी कथा गायीपासूनच सुरू होते. १७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर ह्या वैद्याने गायीच्या देवीच्या फोडातला स्राव एका मुलाच्या दंडात टोचला आणि त्या मुलाला माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळाले. लॅटिन भाषेत गायीला व्हाका म्हणतात, त्यावरून व्हॅक्सीन हा शब्द आला. आपला लस हा शब्दही फोडातून पाझरणाऱ्या त्या स्रावाचाच. १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातली ती पहिली. पुढे १८८१ साली लुई पाश्चर ह्यांनी जेन्नरच्या स्मरणार्थ सगळ्याच रोगांवरच्या टोचणीला व्हॅक्सीन म्हणावे असे सुचवले. त्याच वर्षी त्यांनी फ्रान्समध्ये मेंढ्यांना आणि गायींना फाशी रोगाची लस टोचून तिचा गुण भर लोकांसमोर दाखवला होता. म्हणजे गायीने माणसाला लस दिली, लसीला नाव दिले. आणि खुद्द गायीच्या वासराला तीन दिवसांत मारणाऱ्या रोगावरची लस मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या पावात आली. एवढा उशीर का झाला, तेच आज सांगायचे आहे.

एक कारण सरकारदरबारी होते. जनावरांच्या रोगांचा शास्त्रीय अभ्यास आपल्याकडे सुरू झाला तो पुण्यातच. १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या आवारात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तिचे प्रमुख डॉक्टर आल्फ्रेड लिंगार्ड. त्यांची नजर होती ती घोड्यांच्या सरा रोगावर आणि गुरांच्या बुळकांडीवर. लष्कराला घोडे हवे होते आणि बुळकांडीची साथ आली की गावेच्या गावे बैलांवाचून पडत, सारा थकत असे. ही काळजी खोटी नव्हती. पण तिच्यात वासराला जागा नव्हती. चार दिवसांचे वासरू मेले तर ते कोणत्या खात्यात लिहायचे? १८९३ साली ही प्रयोगशाळा पुण्याहून हलली आणि हिमालयात मुक्तेश्वरला गेली, कारण बुळकांडीसारख्या रोगावर प्रयोग करायला वस्तीपासून दूर, थंड जागा हवी होती. तिथे १८९९ पासून बुळकांडीवरचे रक्तजल तयार होऊ लागले. त्या लढाईचा शेवट फार मोठा झाला. २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. इतिहासाच्या मास्तरांनी ही तारीख मुलांकडून पाठ करून घ्यायला हरकत नाही.

मुंबईतही त्या काळी थोडेथोडके घडत नव्हते. परळला १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. १८९३ साली हिंदुस्थानात आलेले वाल्डेमार हाफकिन ह्यांनी आधी बंगालमध्ये पटकीची लस टोचली आणि मुंबईत प्लेग आल्यावर १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली; पुढे तिलाच हाफकिन संस्था हे नाव मिळाले. आमच्याकडून मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचीत बसायचे आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, की परळ काही लांब नाही.

पटकीची लस इथे मुद्दाम सांगितली. पटकी हा आतड्याचा रोग. तिचा जंतू आतड्याच्या पोकळीत राहतो. रक्तात शिरत नाही. दंडात टोचलेल्या लसीने रक्तात रोगाशी झुंजणारी द्रव्ये तयार होतात, त्यांना आपण प्रतिपिंडे म्हणू. पण ती रक्तात, आणि शत्रू आतड्यात! घराच्या ओसरीवर पहारा आणि चोर परसदारी, तशी ही गत. म्हणून त्या जुन्या लसीचा गुण बेताचाच येई आणि थोडेच महिने टिके. आतड्याच्या रोगावर लस करणे अवघड का, ह्याचे हे एक कारण लक्षात ठेवा. वासराच्या बाबतीत ह्यात आणखी एक अडचण मिसळते. नवजात वासराला हगवण लागते ती बहुधा पहिल्या चार-पाच दिवसांत. लस टोचल्यावर अंगात प्रतिपिंडे तयार व्हायला निदान दहा-बारा दिवस लागतात. जन्मल्याबरोबर वासराला लस टोचली तरी ती कामाला लागेपर्यंत वासरू मरून गेलेले असते, नाहीतर आपले आपणच बरे झालेले असते. वासराला लस टोचून हा रोग थांबणारा नव्हता. पण हे कळायला बराच वेळ गेला.

रोगाचा जंतू कोणता, ह्यावरही मोठा घोळ झाला. १८८५ साली थिओडोर एशेरिश ह्या जर्मन मुलुखातल्या बालवैद्याने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत एक जंतू पाहिला. तोच पुढे त्याच्या नावाने एशेरिकिया कोलाय म्हणून प्रसिद्ध झाला. आपण नुसते कोलाय म्हणू. १८९३ साली डेन्मार्कमध्ये कार्ल ओलुफ येन्सेन ह्यांना हगवणीने मेलेल्या वासरांत कोलाय आढळला. आता पकडला चोर, असे वाटले. पण हाच जंतू धडधाकट वासराच्या आतड्यातही होता, तुमच्या-माझ्या आतड्यातही होता! घरातल्याच माणसाचा खून झाला आणि संशय घरातल्याच गड्यावर, अशातला प्रकार. १९०१ च्या सुमारास आयर्लंडमधल्या शेतकऱ्यांची वासरे पांढऱ्या हगवणीने पटापट मरू लागली, तेव्हा फ्रान्सहून एडमंड नोकार ह्या नामांकित पशुवैद्याला बोलावले. त्यांनी सांगितले, जंतू बेंबीच्या ओल्या नाळेतून आत जातो. जंतूची जात ओळखण्यात त्यांची चूक झाली, पण स्वच्छ जागी गाय व्यावी, वासराची नाळ बांधावी आणि तिला औषध लावावे हा त्यांचा सल्ला आजही खरा आहे. आमच्याकडे कोठलेही कापड फाडून नाळ बांधत आणि वर शेणाच्या गोवरीची राख दाबत. असो.

डेन्मार्क-जर्मनीत ह्या काळात वासरांसाठी रक्तजले निघाली, मारलेल्या कोलायच्या लसी निघाल्या. कधी गुण येई, कधी येत नसे. एका गोठ्यातल्या कोलायवर केलेली लस दुसऱ्या गोठ्यात चालत नसे, कारण कोलायच्या पोटजाती असंख्य. वासरे मरतच राहिली.

ह्या कोंडीतून वाट निघाली ती भलत्याच बाजूने, आणि तिचे एक टोक आपल्या कुंपणातल्या गुंजेच्या वेलापर्यंत येते. सोनार पूर्वी सोने तोलत ती लाल-काळी गुंज सगळ्यांनी पाहिली आहे. ती विषारी असते. इंग्रजी अमदानीत गुंजा वाटून त्यांची वाळवलेली सुई करीत आणि कातड्याच्या लोभाने दुसऱ्याच्या जनावराला चोरून टोचीत. जनावर दोन-तीन दिवसांत मरे. ही गुन्हेगारीची एक नोंदलेली रीतच होती. तर जर्मनीत पॉल एर्लिख नावाच्या शास्त्रज्ञाने एरंडाचे विष आणि हे गुंजेचे विष छोट्या उंदरांना आधी अगदी कणभर, मग वाढवत वाढवत दिले. उंदरांना ते पचू लागले. मग १८९२ साली त्याने एक साधी युक्ती केली. विष पचवणाऱ्या उंदरिणीची पिल्ले साध्या उंदरिणीला लावली आणि साध्या उंदरिणीची पिल्ले विष पचवणारीच्या अंगावर पाजली. साध्या आईची, पण विष पचवणारीचे दूध प्यालेली पिल्लेसुद्धा विषाला दाद देईनात! आईचे संरक्षण दुधातून लेकराला मिळते, हे त्या दिवशी प्रयोगाने सिद्ध झाले. आपल्याकडे दूधभाऊ मानतात. त्याला शास्त्राचाही एक आधार आहे म्हणायचा.

उंदरावर दिसले ते गायीवर दाखवले थिओबाल्ड स्मिथ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने. हा माणूस शेतकऱ्यांनी ओळखावा असा आहे. गुरांचा ताप गोचिडांमधून पसरतो, हे १८९३ साली किलबोर्नच्या जोडीने त्यानेच दाखवले. पुढे प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत १९२२ साली त्याने आणि राल्फ लिटल ह्याने काही नवजात वासरांना आईचा चीक पाजला आणि काहींना चिकाऐवजी नुसते दूध दिले. चीक प्यालेली वासरे जगली. चिकाला मुकलेली बहुतेक वासरे थोड्या दिवसांत मेली, आणि त्यांच्या आतड्याबाहेरही, इतर अवयवांत, कोलाय पसरलेला सापडला. मग त्यांनी चिकाऐवजी गायीचे रक्तजल देऊन पाहिले. थोडाफार गुण आला, पण चिकाची सर त्याला आली नाही.

ह्याचे कारण गायीच्या गर्भाशयात आहे. माणसाचे मूल पोटात असतानाच त्याच्या आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून त्याला मिळतात. गायीची आणि म्हशीची वार वेगळ्या घडणीची असते, ती प्रतिपिंडे गळू देत नाही. म्हणून वासरू किंवा पारडू जन्माला येते ते अक्षरशः निःशस्त्र. त्याची शस्त्रे गायीने चिकात भरून ठेवलेली असतात. आणि ती उचलण्याची मुदत फार थोडी असते. वासराच्या आतड्याची भिंत जन्मानंतर काही तासच ही प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात घेते. सहा तासांनंतर ती शक्ती झपाट्याने उतरते आणि सुमारे चोवीस तासांनी दार बंद होते. त्यानंतर घागरभर चीक पाजला तरी रक्तात काही जात नाही. आतड्याच्या पोकळीत मात्र तो पुढचे काही दिवस राखणदारी करतो. मघाशी मी ओसरीवरच्या पहाऱ्याचे सांगितले. चीक दोन्हीकडे पहारा ठेवतो, रक्तातही आणि परसदारीही.

आता आमच्या आजीचा नियम आठवा. वार पडेपर्यंत चीक द्यायचा नाही. गायीची वार पडायला कधी सहा तास, कधी आठ, कधी बारा. म्हणजे दार उघडे असण्याचा सगळा चांगला वेळ आपण नेमका उपासात घालवत होतो, आणि शस्त्रे पातेल्यात शिजवत होतो. चीक तापवला की तो खरवसासारखा घट्ट होतो ना? ते प्रथिनांमुळे, आणि त्यात ही प्रतिपिंडेही असतात. चांगला घट्ट खरवस म्हणजे उत्तम प्रतीचा चीक, म्हणजे वासराला सर्वांत जास्त हवा होता तो. मी आजीला दोष देत नाही. तिला कोणी सांगितले नव्हते. आणि ज्यांना ठाऊक होते त्यांनीही आमच्या गावात येऊन सांगितले नव्हते.

मुंबईच्या तबेल्यांतली गोष्ट मात्र अज्ञानाची नव्हती, हिशेबाची होती. तिथे दुभत्या म्हशी लांबून आणत आणि पारड्याच्या तोंडचे दूधही विकले जाई. पारडू जगले तर खाणार आणि मेले तर दूध वाचणार; मग ते मेलेलेच बरे. म्हैस पान्हवावी म्हणून मेलेल्या पारड्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढे ठेवीत. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली ती शहरातले असले तबेले बाहेर न्यावेत म्हणून. पारड्यांचे हाल तेवढ्याने संपले, असे कोणी समजू नये.

पुन्हा लसीकडे वळू. आईच्या चिकातून संरक्षण मिळते हे कळल्यावर पुढचा विचार सरळ होता. वासराला लस टोचता येत नाही, तर गाभण गायीलाच का टोचू नये? म्हणजे तिच्या चिकात नेमकी त्याच रोगावरची प्रतिपिंडे भरतील. ही वाट आधी मेंढपाळांनी पाहिली. १९२० ते १९३० च्या दरम्यान इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवर नवजात कोकरांना रक्ताची हगवण लागत असे. थॉमस डॅलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा जंतू ओळखला आणि गाभण मेंढ्यांना लस टोचून कोकरे वाचवली. त्या जंतूचाच भाऊबंद आपल्याकडे शेळ्यामेंढ्यांत आंत्रविषार करतो. त्याची लस पुण्याला औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होत आली आहे आणि धनगर बांधवांना ती चांगली परिचयाची आहे.

वासरांना हे जमेना, कारण तो घोळ अजून सुटला नव्हता. असंख्य कोलायपैकी खुनी कोणता? ह्या कोड्याची किल्ली मिळाली कलकत्त्यात. शंभुनाथ डे हे तिथले प्राध्यापक डॉक्टर. १९५० नंतरच्या त्या वर्षांत त्यांनी सशाच्या आतड्याचा थोडा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला, त्या पिशवीत पटकीचे जंतू सोडले आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहिले. पिशवी पाण्याने टम्म फुगली होती. १९५९ साली त्यांनी दाखवले की जंतू गाळून टाकला आणि नुसते त्याचे पाणी सोडले तरी पिशवी फुगते. अर्थ असा, की जंतू विष सोडतो आणि त्या विषाने आतडे शरीरातले पाणी आत ओतू लागते. माणूस किंवा वासरू मरते ते मुख्यतः पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. मधे १९५६ साली डे ह्यांनी काही कोलाय जंतूही अशीच पिशवी फुगवतात, हे दाखवले होते. साधा दोरा, एक ससा आणि कल्पक डोके. शिक्षक बंधुभगिनींनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. डे ह्यांना जिवंतपणी स्वदेशात मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, हे मात्र नमूद केले पाहिजे.

इंग्लंडात हर्बर्ट विल्यम्स स्मिथ ह्या पशुवैद्याने हीच दोऱ्याची युक्ती वासरांच्या आतड्यावर वापरली. १९६७ साली त्याने आणि शीला हॉल्स हिने दाखवले की हगवण लावणारे कोलाय पिशवी फुगवतात, इतर गरीब कोलाय फुगवत नाहीत. गडी एकाच पोशाखातले, पण कोणाच्या कमरेला सुरी आहे ते आता कळू लागले. पुढचा शोध अधिक कामाचा ठरला. ह्या खुनी कोलायच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्या तंतूंनी तो वासराच्या आतड्याला गोचिडासारखा चिकटतो, आणि चिकटला नाही तर आतड्याच्या हालचालीबरोबर वाहून जातो. १९७५ साली डेन्मार्क आणि इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांनी ह्या तंतूच्या द्रव्याला के-९९ असे नाव पक्के केले. आता असंख्य कोलायवर लस करण्याची गरजच उरली नाही. एका के-९९ तंतूवर लस केली की पुरे. कॅनडात आणि इंग्लंडात १९७९-८० च्या सुमारास गाभण गायींना अशा लसी टोचल्या, वासरांना मुद्दाम खुनी कोलाय पाजला, आणि टोचलेल्या गायींचा चीक प्यालेली वासरे जगली. चिकातली प्रतिपिंडे त्या तंतूंना झाकून टाकतात, मग जंतूला पकडायला काही राहत नाही.

सगळीच हगवण कोलायची नसते, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत नेब्रास्कात १९६९ साली वासरांच्या हगवणीत रोटा विषाणू सापडला. दोन-तीन आठवड्यांच्या पुढच्या वासरांना साल्मोनेला नावाचा जंतू छळतो. त्याच्यावर विल्यम्स स्मिथनेच पूर्वी जिवंत लस करून पाहिली होती. पुढे कोलाय आणि विषाणू मिळून एकत्र लसी निघाल्या. त्या परदेशातल्या मोठ्या गोठ्यांत गाय व्यायच्या आधीच्या अखेरच्या महिन्यांत टोचतात. आपल्या गावात पावसाळ्यापूर्वी जी टोचणी होते ती घटसर्पाची आणि फऱ्याची. तिचा वासराच्या ह्या हगवणीशी संबंध नाही. गाय टोचलेली आहे म्हणून वासरू निर्धास्त, असा समज कोणी करून घेऊ नये.

आणि समजा उद्या ही लस आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आली, अगदी फुकट आली. गायीला टोचली, गायीने चिकात शस्त्रे भरली, आणि आपण वार पडायची वाट पाहत बसलो, तर? लस टोचली न टोचली सारखीच. शंभर वर्षांच्या खटपटीतून विद्वानांनी जी लस केली तिचा अखेरचा हात, गायीपासून वासरापर्यंत पोहोचवण्याचा, तो गोठ्यातल्या माणसाच्या हाती राहिला आहे. उलट, लस नसली तरी चीक वेळेवर पाजला तर गायीच्या अंगी असतील तेवढी शस्त्रे वासराला मिळतातच. गाय त्याच गोठ्यात राहिलेली असते, त्याच गोठ्यातल्या जंतूंशी तिचा परिचय झालेला असतो.

पशुवैद्य मित्राने मला जे करायला सांगितले तेच सांगतो. वासरू जन्मले की नाकातोंडातला चिकटा पुसावा, नाळेला आयोडीन लावावे, आणि दोन तासांच्या आत, वार पडो न पडो, कास धुऊन त्याला चीक पाजावा. उभे राहता येत नसेल तर बाटलीने पाजावा. वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा, म्हणजे वीस किलोच्या वासराला दोन लिटर, पहिल्या सहा तासांत एक-दोन वेळा मिळून पोटात गेला पाहिजे. वासरू कासेला ओढले की वार पडायला उलट मदतच होते. हगवण लागलीच तर मीठ-साखरेचे पाणी सुरू करून डॉक्टरांना गाठावे, दूध एकदम तोडू नये. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत दिलीप महलनबीस ह्यांनी पटकीची माणसे ह्याच मीठ-साखरेच्या पाण्याने वाचवली. आतडे दोघांचे सारखेच.

आमच्या जुन्या घरामागे आता गोठा नाही. करंजाच्या वाटेवर माझ्या मावसभावाच्या दोन गायी आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यातली एक व्याली तेव्हा मी तिथे होतो. मावशी म्हणाली, “अरे, वार पडूं दे आधी.” भाऊ काही बोलला नाही, त्याने वासरू उचलले आणि कासेला लावले. मावशी जरा रुसली. वासराचे पोट भरल्यावरही चरवीत दीड-दोन लिटर चीक उरला होता, कारण गाय संकरित, आणि अशा गायीला वासरापुरता नव्हे, घरापुरताही चीक होतो. दुसऱ्या दिवशी मावशीने त्याचा खरवस केला. गूळ जरा जास्त पडला होता. मी दोन वाट्या खाल्ल्या, आणि मग मागे जाऊन वासरू पाहून आलो. ते उभे होते.